स्त्री रचनाकार आणि गायिकांवर संशोधन : सांगली-साताऱ्यात बसून संदर्भ कुठून जमवायचे?

वारणाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एम. ए. संगीताच्या लघुप्रबंधासाठी विषय ठरलाय : सातारा-सांगली पट्ट्याशी नातं असलेल्या गायिका, आणि त्यांच्यातल्या चाली बांधणाऱ्या, बंदिशी रचणाऱ्या. हिराबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे, सांगलीच्या मुक्कामापुरत्या मोगूबाई कुर्डीकर, यमुनाबाई वाईकर आणि लताबाईंनी ‘आनंदघन’ नावानं केलेलं काम, एवढं नक्की. शिवाय पाश्चात्त्य स्त्री रचनाकारांवर एक छोटं तुलनात्मक प्रकरण हवं आहे.

इंटरनेटवर जे सापडतं ते सगळं एकाच परिच्छेदाची नक्कल. कोणता कोश प्रमाण मानावा? ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांची माहिती कशी नोंदवायची? पुण्या-मुंबईला जाण्याआधी इथल्या इथे काय पाहून घ्यावं? आणि परदेशी संदर्भांपैकी पैसे न भरता काय मिळतं? सविस्तर सांगितलंत तर फार बरं होईल.

---

सूचीकार

ताई, कोशाकडे जाण्याआधी नावांचा तक्ता करा. या विषयात निम्मी चुकामूक नावांमुळेच होते. प्रत्येक कलावतीला एक पान द्या. त्यावर जन्मनाव, घरातलं नाव, रंगमंचावरचं नाव, आईचं आडनाव, लग्नानंतरचं आडनाव, पदवी, आणि इंग्रजीतली सगळी स्पेलिंगं.

हिराबाईंचंच घ्या. जन्म मिरजेचा, १९०५. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. लहानपणीचं नाव चंपाकली. ताराबाई खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावं बदलली : अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, सकीनाच्या सरस्वती माने आणि लग्नानंतर सरस्वती राणे. म्हणजे एकाच घरातली सख्खी भावंडं सूचीत माने, बडोदेकर, राणे अशी तीन ठिकाणी विखुरलेली. त्यात आपण ‘बडोदेकर’ म्हणतो आणि इंग्रजी लेबलांवर, ग्रंथालयांच्या तालिकांत ‘ड’च्या जागी ‘र’ येऊन ‘बरोडेकर’ होतं. ते स्पेलिंग टाकलं नाहीत तर अर्ध्याहून जास्त नोंदी दिसणारच नाहीत.

दुसरा खड्डा : सरस्वतीबाई राणे आणि बॉम्बे टॉकीजच्या संगीतकार सरस्वती देवी या दोन वेगळ्या व्यक्ती. दुसऱ्या पारशी, मूळ नाव खुर्शीद मिनोचर-होमजी, ‘अछूत कन्या’ (१९३६) त्यांचा. नुसतं ‘सरस्वती’ शोधलं की दोघींची गाणी एकाच यादीत येऊन पडतात.

आता कोश. मराठी विश्वकोशाचं घर वाईलाच आहे आणि सगळे खंड ऑनलाइन फुकट वाचता येतात. नोंदी आडनावानं लावलेल्या आहेत. शोधताना ‘हिराबाई’ आणि ‘हीराबाई’ दोन्ही टाका, ऱ्हस्व-दीर्घ जुळलं नाही तर यंत्र हात वर करतं. व्यक्तिनोंद वाचून थांबू नका. किराणा घराणं, ख्याल, नाट्यसंगीत, लावणी या नोंदीही काढा, कारण ज्या बाईला स्वतंत्र नोंद मिळाली नाही ती तिथे अर्ध्या वाक्यात सापडते. नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, संदर्भ देताना तेही लिहा, नुसतं ‘विश्वकोश’ नको. जोडीला साप्ताहिक विवेकच्या शिल्पकार चरित्रकोशाचा चित्रपट-संगीत खंड पाहा. इंग्रजीत संगीत महाभारतीनं तयार केलेला ऑक्सफर्डचा तीन खंडांचा भारतीय संगीतकोश (२०११) आहे. तो विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका, मोठ्या ग्रंथालयात बसून पानं टिपून आणा.

दोन कोशांत तारीख वेगळी निघाली तर आवडेल ती उचलू नका. किशोरीताई आमोणकरांचं जन्मवर्ष कुठे १९३१, कुठे १९३२ छापलंय. दोन्ही द्यायची, कोणती कुठली ते लिहायचं आणि पुढे जायचं. विकिपीडिया वर्ज्य नाही, पण तिथून फक्त तळटीपा उचला आणि त्या टीपांतलं मूळ पुस्तक स्वतः उघडा.

शोधगंगेवर (विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) मराठी प्रबंध भरपूर आहेत. तिथे दोन अडचणी येतात. बऱ्याच फाइली म्हणजे पानांचे फोटो, त्यामुळे आत शब्दशोध चालत नाही. आणि ज्या टंकलिखित आहेत त्यांतल्या अनेक जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये आहेत. तिथला मजकूर कॉपी केला की नुसती चिन्हं उमटतात. म्हणून सरळ अनुक्रमणिकेची फाइल उघडायची, प्रकरण ओळखायचं, तेवढीच फाइल उतरवायची. प्रबंधाच्या शेवटची ग्रंथसूची हा तर तयार माल, तो आधी पाहा.

---

तबकडी_७८

सूचीकारांशी एका बाबतीत मतभेद. तबकडी हातात असेल तर सुरुवात तिथूनच करावी. कोश नंतर लिहिले गेले, तबकडी त्या दिवशीची आहे. फक्त ती वाचता आली पाहिजे.

लेबलवर असतो तो कॅटलॉग क्रमांक, म्हणजे दुकानात माल मागायचा नंबर. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीवर, लाखेत उमटवलेला बारीक आकडा असतो तो मॅट्रिक्स क्रमांक. ध्वनिमुद्रण ओळखायचं ते त्यावरून. एकच गाणं पुढे वेगळ्या कॅटलॉग क्रमांकानं पुन्हा बाजारात यायचं, मॅट्रिक्स मात्र तोच. दोन्ही बाजूंचे मॅट्रिक्स वेगळे असतात, दोन्ही लिहून घ्या. दिवा समोरून मारला तर आकडा दिसत नाही. तबकडी थोडी तिरकी धरून बाजूनं टॉर्च पाडायचा, सावलीत आकडा उठून येतो. लेबलला ओलं फडकं लावू नका, शाई सुटते. आणि स्पिरिट तर तबकडीच्या जवळपासही नको, लाख विरघळते.

लेबलवर काय नसतं हे जास्त महत्त्वाचं. शास्त्रीय गाण्याला गायिका, राग आणि बोल, एवढंच. बंदिश कुणाची, चाल कुणी बसवली याचा पत्ता नाही. ‘मिस’, ‘बाई’, ‘जान’ ही बिरुदं मात्र जशीच्या तशी नोंदवा, गाळू नका. बाईचा सामाजिक दर्जा कंपनी कसा दाखवत होती ते त्यातूनच कळतं. अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत गाणं संपताना गायिका स्वतःचं नाव पुकारते. गौहर जाननं १९०२ मध्ये कलकत्त्याला केलं तसं. त्या वेळी तबकड्या जर्मनीत हॅनोवरला छापल्या जात, तिथल्या माणसांना लेबल लावताना ओळख पटावी म्हणून ही सोय. १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदहला कारखाना निघाला आणि हळूहळू ती पद्धत मागे पडली. त्या काळाची छापील सूची हवी असेल तर मायकेल किनियर यांचं ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ च्या ध्वनिमुद्रणांवरचं काम आहे. तुमच्या नावांना ते थेट लागू नाही, पण सूची कशी करतात हे शिकायला उत्तम.

सिनेमाच्या तबकड्यांत आणखी एक गंमत. सुरुवातीला लेबलवर गायिकेऐवजी पात्राचं नाव छापायचे. ‘महल’ (१९४९) मधलं ‘आयेगा आनेवाला’ पहिल्यांदा आलं ते ‘कामिनी’च्या नावानं. म्हणून लेबलवरचं नाव म्हणजे गायिका, हे गृहीत धरू नका. हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांचा हिंदी फिल्म गीत कोश दशकवार खंडांत आहे, त्याच्याशी ताडून घ्या. सरस्वतीबाईंचं ‘रामराज्य’ (१९४३) मधलं ‘बीना मधुर मधुर कछु बोल’ त्यात पाहिलंत की नोंद कशी वाचायची ते लगेच कळेल. मराठी गाण्यांसाठी ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ संगीतकारानुसार यादी देतं. फार सोयीचं आहे, पण तो पुरावा नव्हे. तिथून मिळालेलं साल चित्रपटाच्या चोपडीवर तपासा.

चोपडी म्हणजे थिएटरात विकायचे ती गाण्यांची पुस्तिका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यांचा साठा आहे. आनंदघनसाठी हे करावंच लागेल. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ आणि ‘तांबडी माती’ हे चार त्या नावानं. त्याआधीचा ‘राम राम पाव्हणं’ लताबाईंच्या स्वतःच्या नावावर, आणि त्याचं साल कुठल्या यादीत १९५०, तर कुठे १९५५. श्रेयनामावली, चोपडी आणि तबकडीचं लेबल या तिन्हींवर संगीतकाराचं नाव काय छापलंय, ते तीन रकान्यांत समोरासमोर लिहा. प्रबंधाचं एक प्रकरण तिथेच उभं राहील. लताबाईंच्या बहीण मीनाताई खडीकर तुमच्या यादीत का नाहीत? ‘माणसाला पंख असतात’ हा चित्रपट आणि ‘सांग सांग भोलानाथ’सारखी बालगीतं त्यांच्या चालीची. मंगेशकरांचं सांगलीशी नातं धरलंत तर त्यांनाही घ्यायला हवं.

सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाचे जुने अंक इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात. एकेका गायिकेची तबकडीसूची त्यात असते. ऐकण्यासाठी ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’ आहे.

ऐकून निष्कर्ष काढताना मात्र जपून. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास मावतं. ‘बाई आलाप कमी करत’ असलं काही त्यावरून लिहू नका, आलापाला जागाच नव्हती. आणि स्वराबद्दल तर बोलूच नका. जुन्या तबकड्या सगळ्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. ७६ वर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली की स्वर सुमारे ४५ सेंट चढतो (शंभर सेंट म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर). काळी चारात गायलेलं काळी चार आणि पांढरी सहाच्या मधोमध लटकतं. ‘हिराबाईंचा षड्ज अमुक पट्टीत’ असं यूट्यूबवर ऐकून लिहिलं आणि परीक्षकानं गती विचारली तर उत्तर नसेल.

हक्कांचं थोडक्यात : ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं. चालीचा हक्क वेगळा, रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तबकडी मुक्त झाली म्हणून तिचं स्वरलेखन अख्खं छापायला मोकळीक मिळत नाही. चर्चेपुरत्या ओळी द्यायला हरकत नसते.

---

माहुलीकर

इथल्या इथे काय पाहावं, तेवढं मी सांगतो.

आधी नकाशा डोक्यात पक्का करा, नाहीतर चुकीच्या जिल्ह्यात शोधत बसाल. आजचा सांगली जिल्हा पूर्वी नव्हताच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा झाला, त्याचं नाव १९६० मध्ये सांगली पडलं. त्याआधी सांगली, मिरज (थोरली पाती आणि धाकटी पाती), औंध, जत, फलटण ही संस्थानं आणि मधेमधे इंग्रजी मुलूख. म्हणून १९४० च्या कागदात ‘सातारा’ लिहिलेली कलावती आजच्या तासगावची असू शकते, आणि मिरजेची बाई साताऱ्याच्या गॅझेटियरमध्ये नसेल, कारण मिरज संस्थान होतं. साताऱ्याचं जुनं गॅझेटियर १८८५ चं, मुंबई इलाख्याचा एकोणिसावा खंड, ऑनलाइन आहे. त्यात गायिकांची नावं नाहीत, जाती-व्यवसायांची वर्णनं आहेत आणि ती साहेबाच्या नजरेनं लिहिलेली. उतारा घेतलात तर तसं म्हणा.

सगळ्यात दुर्लक्षित साठा किर्लोस्करवाडीचा. ‘किर्लोस्कर’ (सुरुवात १९२० ची, ‘किर्लोस्कर खबर’ या नावानं), ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) ही मासिकं तिथून निघत. ‘स्त्री’चे तिशी-चाळिशीतले अंक चाळलेत तर बाईनं जाहीर बैठकीत गावं की नाही, मुलींना गाणं कुणी आणि कसं शिकवावं, यावरचा त्या वेळचा सूर कळतो. लेखांइतक्याच जाहिराती पाहा : तबकड्यांच्या, हार्मोनियमच्या, गायनवर्गांच्या. अंक बांधीव खंडांत असतात. बांधताना पुष्कळ ठिकाणी मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकलेली असतात, तेव्हा एका ग्रंथालयात पान नाही म्हणून ते छापलंच नव्हतं असं समजू नका. कोणतं मासिक कधी निघालं, कधी बंद पडलं यासाठी शंकर गणेश दाते यांच्या सूची आहेत, मराठी ग्रंथांची आणि नियतकालिकांची, दोन्ही १९५० पर्यंत.

सांगलीत जाण्याआधी फोन करा. २०१९ च्या महापुरात शहरातली जुनी पुस्तकं मोठ्या प्रमाणावर भिजली. तालिकेत पुस्तक दिसतं आणि कपाटात नसतं, असं होऊ शकतं. दाखल क्रमांक सांगून ‘प्रत्यक्ष आहे का’ एवढंच विचारायचं. शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय कोल्हापूरला आहे, तुमच्या महाविद्यालयाचं पत्र असलं की काम सोपं होतं.

मिरजेत सतारमेकरांकडे एक चक्कर मारा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यावर बातम्या पुष्कळ झाल्या. तुमच्या कामाचं तिथे वेगळंच आहे : जनानी तंबोरा. भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, तारांचे नंबर हे बाईच्या पट्टीला धरून ठरतात. कुणी जुन्या मागणीची वही जपली असेल तर गायिकेचं नाव, पट्टी, साल एका ओळीत मिळून जाईल. वहीचा फोटो मागू नका, आधी हातानं उतरवून घ्या, मग परवानगी विचारा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीची मीरासाहेब दर्ग्यातली संगीतसभा आणि अंबाबाईच्या नवरात्राचा संगीतोत्सव, यांच्या जुन्या निमंत्रणपत्रिका हाही तसाच सुटा पण अस्सल कागद. औंधच्या संगीत महोत्सवालाही तेच लागू, तो १९४० पासूनचा.

आता लावणी गायिका यमुनाबाईंबद्दल. २०१२ मध्ये पद्मश्री, निधन २०१८ मध्ये. वृत्तपत्रांत बहुतेक मजकूर या दोन प्रसंगांचाच, म्हणजे गौरवाचा किंवा शोकाचा. त्याच्या पलीकडचं हवं तर दिल्लीच्या संगीत नाटक अकादमीच्या दृक्‌श्राव्य संग्रहात रीतसर अर्ज करून विचारा. लावणी शाहिराची, ही नोंद सगळे करतात. बैठकीच्या लावणीत एकाच ओळीवर बसून बाई दहा अर्थ काढते, ते कुणाच्या खात्यावर लिहायचं? ‘सादरकर्ती’ म्हणून सोडून देऊ नका. एक ओळ घ्या, तिची आवर्तनं मोजा, प्रत्येक आवर्तनात बोल कुठे तोडला, अदा काय केली, ते तक्त्यात मांडा. मग रचना कोणाची हा प्रश्न आपोआप नीट उभा राहतो.

---

वारणाकाठ

खूप आभार सगळ्यांचे. मीनाताईंना घेते. जात्यावरच्या ओव्या या विषयात बसतील का? आणि आजच्या बंदिशकार?

---

सूचीकार

ओव्या बसतात, आणि साधन तयार आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सुरू केलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह, आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर. लाखाहून जास्त ओव्या. बाईचं नाव, गाव, तालुका दिलेला असतो, काहींना आवाजही आहे. गावावरून गाळणी लावा. मात्र क्रियापद सांभाळा : त्या बाईनं ती ओवी ‘गायली’ एवढंच सिद्ध आहे, ‘रचली’ नाही. तीच ओवी चार गावांत थोड्या फरकानं मिळेल. तो फरक जपून ठेवा, ‘शुद्ध पाठ’ करायला जाऊ नका.

---

रियाजी

बंदिशकारांसाठी छापील पुस्तकंच धरा. अश्विनी भिडे-देशपांडे यांच्या ‘रागरचनांजली’त (२००४) त्यांच्या स्वतःच्या बंदिशी स्वरलिपीसह आहेत. प्रभाताई अत्रे (१९३२–२०२४) तुमच्या विषयात थेट येतात : सुरेशबाबू आणि हिराबाई हे त्यांचे गुरू, म्हणजे मिरजेचाच धागा. मारूबिहागातलं ‘जागू मैं सारी रैना’ गाणारे कितीतरी, रचना कुणाची हे सांगणारे मोजके. जुन्या कॅसेटांच्या वेष्टणावर असल्या ठिकाणी ‘पारंपरिक’ छापून मोकळे होतात. ‘पारंपरिक’ दिसलं की थांबायचं आणि रचनाकाराच्या पुस्तकाशी ताडून बघायचं. चित्रपटात जायचं तर किशोरीताईंनी संगीत दिलेला ‘दृष्टी’ (१९९०) आहे.

पाश्चात्त्य प्रकरण लहान ठेवा. स्त्री रचनाकारांचा स्वतंत्र ग्रोव्ह कोश (१९९४, संपादक ज्युली अ‍ॅन सेडी आणि ऱ्हियन सॅम्युअल) हा पाया. ग्रोव्ह ऑनलाइनला वर्गणी लागते, विद्यापीठातून मिळतं का विचारा. ॲरन कोहेन यांचा दोन खंडी ज्ञानकोश (दुसरी आवृत्ती १९८७) नावं हुडकायला चांगला, तारखांसाठी नाही, त्यात चुका आहेत. फुकटात : हाम्बुर्गचा, संगीत आणि स्त्री-पुरुषभेद या विषयावरचा ‘मुगी’ हा ऑनलाइन कोश आणि ब्रेमेनच्या सोफी ड्रिंकर संस्थेचा वादक स्त्रियांचा कोश. दोन्ही जर्मनमध्ये, यांत्रिक भाषांतरानं वाचता येतात, फक्त आडनावांचं भाषांतर होऊन बसत नाही ना, ते बघा. हस्तलिखितं कुठल्या ग्रंथालयात आहेत ते ‘रिझम’ या आंतरराष्ट्रीय संगीतसाधन-तालिकेत कळतं, स्वरलेखनाच्या प्रती ‘आयएमएसएलपी’ या संकेतस्थळावर.

तुलनेला फॅनी हेन्सेल (१८०५–१८४७) घ्या. तिची सहा गाणी भावाच्या, फेलिक्स मेंडेल्सोनच्या, आठव्या आणि नवव्या ओपसमध्ये (क्रमांक देऊन छापलेल्या रचनासंचात) त्याच्या नावावर छापली गेली, प्रत्येकात तीन. तालिकेत ती आजही फेलिक्सखाली लागलेली सापडतात. १८२८ चा ‘ईस्टर सोनाटा’ही त्याचाच समजत, तो तिचा आहे हे २०१० मध्ये हस्तलिखितावरून दाखवलं गेलं. मात्र फॅनी आणि आनंदघन एका ओळीत बसवू नका. तिथे घरच्यांनी आणि रिवाजानं नाव झाकलं, इथे टोपणनाव स्वतः घेतलेलं. निष्कर्ष निराळा निघेल.

---

तबकडी_७८

रियाजींनी ‘पारंपरिक’चं म्हटलं ते तबकडीलाही लागू. आणि ताई, तक्त्यात एक रकाना वाढवा : ‘ही माहिती कुठून पाहिली’. तबकडी स्वतः हाताळली, फोटोवरून वाचली की दुसऱ्याच्या यादीतून घेतली, या तिन्हींना वेगळी खूण करा. फोटोवरून मॅट्रिक्समधला ३ आणि ८ हमखास चुकतो.

---

वारणाकाठ

रकाना घातला. हिराबाईंच्या पानावर आत्ताच नावांची अकरा रूपं झालीत, त्यांतली पाच फक्त स्पेलिंगची.